दुरुस्ती की बदल? मुंबईतील भाड्याच्या घरांच्या देखभालीचा कायदेशीर इतिहास

प्रस्तावना

स्वतःच्या घरातील पंखा बिघडला तर तो दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न घरमालक आपल्या सोयीने आणि ऐपतीनुसार सोडवतो. दुरुस्तीचा खर्च, वस्तूचे उरलेले आयुष्य आणि नव्या वस्तूची किंमत या तीन गोष्टींचा मेळ घातला की निर्णय होतो. भाड्याच्या घरात मात्र हाच प्रश्न वेगळे रूप घेतो. तेथे वस्तू एकाची असते, ती दुसरा वापरतो आणि तिच्यावर कोणी खर्च करावा हे कायदा ठरवतो. खर्च करणारा, लाभ घेणारा आणि निर्णय घेणारा या तीन वेगवेगळ्या व्यक्ती झाल्या की साधे गणितही बिघडते.

नळ, मोरी, वायरिंग यांपासून जिना, तुळई आणि अखेर संपूर्ण इमारत यांपर्यंत हा प्रश्न मुंबईत शतकभर विचारला गेला आहे. भाडे नियंत्रणाचे कायदे, दुरुस्ती मंडळाची स्थापना, पुनर्विकासाचे नियम आणि न्यायालयीन निवाडे ही सर्व त्याला दिलेली उत्तरे होत. दुरुस्ती आणि बदल यांपैकी एकाची निवड करण्याऐवजी मुंबईत तिसराच मार्ग, म्हणजे निर्णय लांबवण्याचा मार्ग, का रूढ झाला याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. कराराचा काळ

भाडेपट्ट्याने दिलेल्या मालमत्तेच्या देखभालीचे मूळ नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आढळतात. त्यातील कलम १०८ मध्ये उभय पक्षांची कर्तव्ये सांगितली आहेत. करार किंवा स्थानिक प्रथा विरुद्ध नसेल तर ती लागू होतात. भाडेपट्टेदाराने मालमत्ता चांगल्या स्थितीत ठेवावी आणि परत करावी. मात्र वाजवी वापराने होणारी झीज त्याच्या माथी मारता येणार नाही. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेपट्टेदार ती स्वतः करून घेऊ शकतो आणि तिचा खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. भाडेपट्टेदाराने जमिनीला जोडलेल्या वस्तू त्याला ताबा असेपर्यंत काढूनही नेता येतात.

या तरतुदींमागे एक गृहीत होते. भाडे बाजारभावाने ठरेल आणि दुरुस्तीचा खर्च त्या भाड्यात सामावलेला असेल. घर नादुरुस्त राहिले तर भाडेकरू सोडून जाईल, या भीतीने मालक दुरुस्ती करील, असे कायद्याला अभिप्रेत होते. घरांची टंचाई असलेल्या शहरात ही भीती कितपत उरते, याचा विचार त्यात नव्हता.

२. चाळीची बांधणी आणि गोठलेले भाडे

मुंबईतील टंचाई जुनी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे १९२० नंतर विकास खात्याने, म्हणजे बीडीडीने, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. तरीही कामगारांची बहुसंख्या खासगी चाळींतच राहिली. या खासगी चाळींपैकी पुष्कळ इमारती लाकडी सांगाड्याच्या होत्या. सागवानी खांब, तुळया, वासे, मध्ये विटांचे बांधकाम आणि वर मंगळुरी कौले अशी त्यांची सर्वसाधारण रचना होती. सामाईक संडास आणि न्हाण्या गॅलरीच्या टोकाला असत. पाण्याचा वापर वाढला तशी नेमकी हीच जागा इमारतीचा दुबळा भाग ठरली. मोरीतून झिरपणारे पाणी भिंतीत शिरते, तेथून तुळईच्या टोकापर्यंत पोहोचते आणि लाकूड आतून कुजते. म्हणजे नळ आणि सांडपाण्याचा पाइप यांची छोटी दुरुस्ती वेळेवर झाली नाही, तर काही वर्षांनी तुळईच बदलावी लागते. छोट्या आणि मोठ्या दुरुस्तीतला हा कार्यकारणसंबंध ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाडे नियंत्रणाचा तात्पुरता कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात नियंत्रण पुन्हा आले आणि स्वातंत्र्याच्या वर्षी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा संमत झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते ते 'प्रमाण भाडे' मानले गेले. फाळणीनंतरचे निर्वासित आणि गिरण्यांकडे येणारा कोकणातील व देशावरील कामगार यांना या कायद्याने छप्पर टिकवून दिले, हे त्याचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे. मुळात मर्यादित काळासाठी केलेल्या या कायद्याची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली आणि भाडे गोठलेलेच राहिले. सिमेंट, लाकूड आणि मजुरी यांचे दर मात्र गोठले नव्हते.

३. दुरुस्ती आणि सुधारणा यांतील दरी

१९४७ च्या कायद्यातील कलम २३ ने जागा चांगल्या स्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले. हेच तत्त्व १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातील कलम १४ मध्ये कायम आहे. मालकाने दुरुस्ती टाळल्यास किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र कोणत्याही एका वर्षात ही वळती त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही.

या मर्यादेचा व्यवहारातील अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, एखाद्या खोलीचे भाडे महिना १०० रुपये आहे. वर्षाचे भाडे १,२०० रुपये झाले, तर वळतीची कमाल मर्यादा ३०० रुपये ठरते. अशा २० खोल्यांच्या चाळीतील सर्व भाडेकरू एकत्र आले तरी वर्षाला ६,००० रुपयेच वळते होतील. एवढ्या रकमेत नळाचे वायसर बदलतील, फार तर पाइपाचा एखादा तुकडा बदलेल. तुळई बदलणार नाही. कायद्याने हक्क दिला, पण तो बजावण्याचे साधन गोठलेल्या भाड्याशी बांधून ठेवले.

मालकाच्या बाजूनेही गणित असेच अडते. १९९९ च्या कायद्यातील कलम ११ नुसार भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. याखेरीज ७० टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने जागेत सुधारणा किंवा रचनात्मक फेरबदल केल्यास, त्यावरील खर्चाच्या वार्षिक १५ टक्क्यांपर्यंत भाडेवाढ मिळू शकते. म्हणजे १ लाख रुपयांच्या सुधारणेवर वर्षाला १५,००० रुपये वाढवता येतात आणि साधारण पावणेसात वर्षांत खर्च भरून निघतो. तेच १ लाख रुपये नित्याच्या दुरुस्तीवर घातले तर त्यासाठी अशी वाढ मिळत नाही, कारण ती दुरुस्ती मालकाचे कर्तव्यच आहे.

'दुरुस्ती' आणि 'सुधारणा' हा वरकरणी शब्दांचा भेद वस्तुतः खर्च कोणाच्या खिशातून जाणार याचा भेद आहे. मालकाला जुने सांभाळण्यात रस उरत नाही आणि भाडेवाढीच्या धास्तीने भाडेकरू नव्याला संमती देत नाहीत. दोघांचेही वागणे आपापल्या जागी तर्कसंगत आहे. परंतु या दोन तर्कसंगत वागणुकींच्या मधोमध इमारत कुजत राहते.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात या विसंगतीची दखल घेतली. भाडे अनिश्चित काळ गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी कालौघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत, असे मत न्यायालयाने नोंदवले. कायद्याची मुदत लवकरच संपणार असल्याने त्या तरतुदी रद्द मात्र केल्या नाहीत. त्यानंतर आलेला १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली. पागडीच्या व्यवहारात जागेची खरी किंमत एकरकमी हात बदलते. दरमहा येणाऱ्या भाड्यात, म्हणजेच इमारतीच्या देखभालीसाठी उपलब्ध असलेल्या रकमेत, तिचा अंश उतरत नाही.

४. शासनाचा प्रवेश: उपकर आणि मर्यादा

१९६० च्या दशकात पावसाळ्यात इमारती कोसळण्याचे प्रकार वाढले. १९६८ मध्ये बेडेकर समिती नेमली गेली आणि पाठोपाठ १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ कायदा झाला. मालक दुरुस्ती करीत नाही आणि भाडेकरू करू शकत नाही, तेव्हा ती शासनाने करावी, हा या कायद्याचा गाभा होता. त्यासाठी मुंबई शहर भागातील जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवण्यात आला. तो महापालिकेच्या मालमत्ता कराबरोबर वसूल होऊ लागला. अशा एकूण १९,६४२ उपकरप्राप्त इमारतींपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातील होत्या. १९५० अखेरपर्यंतच्या १,४८९ इमारती 'ब' वर्गात आणि त्यानंतर सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या १,६५१ इमारती 'क' वर्गात मोडत होत्या. भाडे ज्या दिवशी गोठले तोच दिवस इमारतींच्या वर्गवारीचीही सीमारेषा ठरला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

पुढे १९७६ च्या म्हाडा कायद्यात ही व्यवस्था समाविष्ट झाली. त्यातील 'संरचनात्मक दुरुस्ती' या संज्ञेची व्याख्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. कुजलेले, तडे गेलेले किंवा ओळंब्यातून ढळलेले भाग दुरुस्त करणे यात येतेच. पण ते नव्याने बदलणे, किंबहुना भारवाही भिंतींची वा लाकडी सांगाड्याची इमारत आरसीसी पद्धतीची करणे, हेही या व्याख्येत बसते. जिने, बोळ आणि सामाईक संडास यांचा तीत समावेश आहे. केवळ कौले शाकारणे मात्र तीत धरलेले नाही. म्हणजे या कायद्याने 'दुरुस्ती' या शब्दाच्या पोटातच 'बदल' सामावून घेतला.

त्याचबरोबर कायद्याने दुरुस्तीची आर्थिक मर्यादाही घातली. दुरुस्तीचा प्रति चौरस मीटर खर्च विहित मर्यादेच्या पलीकडे जात असेल, तर इमारत दुरुस्तीपलीकडची मानून ती संपादन करून पुन्हा बांधण्याचा मार्ग खुला होतो. वरचा खर्च रहिवाशांनी सोसायची तयारी दाखवली तर दुरुस्ती होऊ शकते. कोणत्याही जुन्या यंत्राबाबत सुज्ञ माणूस लावतो तोच हा नियम: दुरुस्तीचा खर्च अमुक प्रमाणाबाहेर गेला की नवे घ्यावे. तत्त्व म्हणून तो योग्यच आहे. अडचण अशी की ही मर्यादा प्रशासकीय निर्णयाने ठरते आणि बाजारातील दर तिच्यासाठी थांबत नाहीत. मर्यादा वेळोवेळी वाढवली गेली. पण दोन वाढींच्या मधल्या काळात पुरेशी दुरुस्ती मर्यादेत बसत नाही आणि पुनर्रचनेसाठी जागा, निधी व संक्रमण शिबिरातील गाळे उपलब्ध नसतात. अशा वेळी इमारतीला टेकू लावले जातात. टेकू म्हणजे दुरुस्तीही नव्हे आणि बदलही नव्हे. तो लाकडात किंवा लोखंडात उभा केलेला स्थगिती आदेश आहे. तात्पुरते म्हणून लावलेले टेकू रहिवाशांच्या रोजच्या येण्याजाण्याचा भाग होतात आणि मुले त्यांच्याभोवती खेळत वाढतात.

५. बदलाचे धोरण आणि प्रतीक्षेची किंमत

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून धोरणाचा कल स्पष्टपणे बदलाकडे झुकला. १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी मुंबईसाठी १०० कोटी रुपयांचे अनुदान जाहीर केले आणि त्यातून काही जुन्या इमारतींची पुनर्रचना झाली. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेने मागणी केल्यास इमारत संपादन करून संस्थेला देता येते आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला मिळतो. म्हणजे महिना २,००० रुपये एकूण भाडे येणाऱ्या चाळीच्या मालकाला २ लाख रुपये. भाडे गोठल्याचा परिणाम येथे मोबदल्यातही उतरला. मालकांच्या संघटनेने या प्रकरणाला आव्हान दिले. त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय दिला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे.

दरम्यान १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३(७) ने तिसरा मार्ग उघडला होता. उपकरप्राप्त इमारतीच्या जागी नवी इमारत बांधताना वाढीव चटईक्षेत्र मिळेल. जुन्या भाडेकरूंना मालकी हक्काचे घर विनामूल्य द्यायचे आणि उरलेले क्षेत्र विकून विकासकाने खर्च व नफा काढायचा, अशी ही योजना आहे. येथे प्रथमच मालक, भाडेकरू आणि विकासक अशा तिघांनाही बदल लाभदायक ठरला. मात्र या योजनेचा एक दुष्परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. मोठा बदल फायद्याचा ठरला की छोटी दुरुस्ती निरर्थक वाटू लागते. 'आता बिल्डिंग जाणारच आहे' या एका वाक्याखाली पाइपाची गळती, जिन्याच्या सैल पायऱ्या आणि उघड्या वायरी वर्षानुवर्षे तशाच राहतात.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील पाकमोडिया मार्गावरील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जणांचा मृत्यू झाला. ही इमारत परिसराच्या समूह पुनर्विकास प्रकल्पात समाविष्ट होती. काही कुटुंबे आधीच हलवण्यात आली होती. उरलेली तेथेच राहत होती. बदल ठरला होता, पण बदलापर्यंतचा काळ कसा काढायचा हे ठरले नव्हते. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग कोसळला, तेव्हा तो भाग उपकरप्राप्त होता की नव्हता, म्हणजेच जबाबदारी कोणाची, यावरच वाद झाला. ढिगारा उपसला जात असतानाही कायद्याला पडलेला पहिला प्रश्न मालकीचा होता. पुढे म्हाडा कायद्यातील दुरुस्तीने, जिला डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, धोकादायक इमारतींबाबत मुदती आखून दिल्या. प्रथम मालकाला आणि नंतर रहिवाशांच्या संस्थेला प्रत्येकी सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्याची संधी आणि तसे न झाल्यास म्हाडाकडून संपादन, असा हा क्रम आहे. निर्णय लांबवण्यावर कायद्याने घातलेले हे बंधन म्हणजे उशिरा का होईना, मूळ दुखण्याची कबुली आहे.

६. उंबऱ्याच्या आत

आतापर्यंतचा विचार उंबऱ्याबाहेरचा झाला. उंबऱ्याच्या आत मात्र त्याच काळात उलट घडत होते. पागडीच्या खोलीतील भाडेकरू जागा कायमची आपली मानतो. म्हणून तो फरशी बदलतो, स्वतंत्र मोरी बांधतो, पाण्याची टाकी व मोटर बसवतो आणि रेडिओच्या जागी दूरचित्रवाणी संच, मग फ्रिज, मग धुलाई यंत्र आणतो. हे सर्व नवे ओझे जुन्या तुळया आणि जुन्या वायरींवर पडते. आतले सारे बदलले जाते आणि ज्यावर ते उभे आहे ते दुरुस्तही होत नाही, हे चाळीच्या उत्तरार्धाचे प्रातिनिधिक चित्र आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला मुदतीच्या परवाना कराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची, घरे येतात. १९९९ च्या कायद्यातील कलम २४ नुसार मुदत संपताच मालक ताबा परत घेऊ शकतो, त्यामुळे येथे भाडे बाजारभावाने ठरते. गिझर, पंखे, वातानुकूलन यंत्र मालकाचे आणि वापर अकरा महिन्यांच्या राहणाऱ्याचा. वस्तू जपण्याचे कारण राहणाऱ्याला उरत नाही आणि विजेचे बिल आपल्याला भरायचे नसल्याने मालक सर्वांत स्वस्त यंत्र घेतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ मध्ये उपकरणांसाठी ताऱ्यांची पद्धत सुरू केली. पण जादा ताऱ्यांसाठी अधिक किंमत मोजणारा आणि बिलात बचत मिळवणारा हे वेगळे असतील तर तारे निर्णय बदलू शकत नाहीत. चाळीत जे तुळईचे झाले तेच येथे गिझरचे होते. प्रमाण लहान आहे, प्रकृती तीच आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी संमत केलेला आदर्श भाडेकरार कायदा या बाबतीत अधिक नेमका आहे. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची सरळ वाटणी केली आहे. संरचनात्मक दुरुस्ती, रंगसफेदी, नळवाहिन्या बदलणे आणि वायरिंग मालकाकडे. नळ व वायसर, सांडपाण्याच्या मोऱ्यांची सफाई, गिझर, स्विच, सॉकेट, कुलुपे आणि खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. मालकाने कर्तव्य टाळल्यास भाडेकरू एका महिन्यात निम्म्या भाड्यापर्यंत खर्च वळता करू शकतो. आदर्श कायदा असल्याने राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. शिवाय त्यातील वाटणी कामाच्या प्रकारानुसार आहे, वस्तूच्या वयानुसार नाही. पंधरा वर्षांचा गिझर अखेरचा बिघडला तर ती दुरुस्ती भाडेकरूची की झीज मालकाची, हा १८८२ चा प्रश्न येथेही पुरता सुटत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, भाड्याच्या घरात दुरुस्ती की बदल हा प्रश्न तांत्रिक कमी आणि जबाबदारीच्या वाटणीचा अधिक आहे. दुसरी, कायद्याने दुरुस्तीचे कर्तव्य सांगितले परंतु तिचा खर्च कोठून यावा याची व्यवस्था केली नाही. आणि बदलाला लाभ जोडला तेव्हा दुरुस्तीचे उरलेसुरले महत्त्वही कमी झाले. तिसरी, भाडे नियंत्रण हटवले की प्रश्न सुटतो हा समज अपुरा आहे. बाजारभावाने भाडे ठरणाऱ्या परवाना घरांतही खर्च आणि लाभ यांची फारकत कायम आहे.

भाडे नियंत्रणाने लक्षावधी कामगार कुटुंबांना शहरात टिकवले. त्या संरक्षणाची किंमत भाडेकरूने भाड्यात मोजली नाही, मालकाने स्वखुशीने सोसली नाही आणि शासनाने अपुऱ्या उपकरात भागवली. अखेर ती इमारतीच्या लाकडातून आणि प्रसंगी माणसांच्या प्राणांतून वसूल झाली. म्हणून पुनर्विकासाच्या प्रत्येक योजनेत नव्या इमारतीच्या आराखड्याइतकेच महत्त्व मधल्या काळातील दुरुस्तीला मिळणे आवश्यक आहे. नवे घर मिळेपर्यंत माणसे जुन्याच घरात राहत असतात. त्या काळात गळका पाइप कोणी आणि कोणाच्या खर्चाने बदलायचा, याचे उत्तर मुंबईच्या गृहनिर्माण धोरणाने अद्याप द्यायचे आहे.